देवाच्या गोळ्या

"काकू, दुखायच्या गोळ्या द्या ना."

"कोणाला दुखतंय?"

"आईला. गुडघे धरलेत."

गुडघे धरलेली ती बाई तासाभरापूर्वीच माझ्या दुकानासमोरून गेली होती. कमरेवर ज्वारीचा डबा, गिरणी बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून जवळजवळ पळतच. मी काउंटरवर कोपर टेकलं आणि समोरच्या पोरीकडं नीट बघितलं. अर्पिता सुरवसे, आमच्याच गल्लीतली, बारावी सायन्स. ओठ पांढरे पडलेले, कपाळावर घाम, आणि दोन्ही हातांनी काचेची कड अशी धरलेली की सोडली तर खालीच बसेल.

"चार दिवसांत ही तिसरी खेप आहे गं तुझी."

"आईचं जास्त आहे."

"मग आईलाच पाठव. मला तरी बघू देत तिचे गुडघे."

मी कात्रीनं पाकीट कापून दोनच गोळ्या दिल्या. आईच्या गुडघ्यांसाठी घेतलेल्या त्या दोन्ही गोळ्या तिनं दुकानाच्या पायरीवर उभं राहून पाण्याशिवाय गिळल्या. मी बघतेय हे तिला कळलं नाही. मग ती हळूहळू चौकातल्या दुसऱ्या मेडिकलकडं वळली, आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

याला आता बारा वर्षं झाली. बार्शीत माझं मेडिकल आहे. डी. फार्म. करून मी तिथं बसले ती आजतागायत. काउंटरमागं बसणाऱ्या माणसाचा स्वभाव आपोआप संशयी होतो. खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या एकदम मागणारा पोरगा, झोपेची गोळी मागताना नजर चुकवणारी बाई, सगळ्यांचे चेहरे वाचावे लागतात. मला ते जमतं याचा मला तेव्हा चांगलाच गर्व होता. 'विजया बारबोलेला कोणी फसवू शकत नाही,' असं मी स्वतःच चार जणांत सांगत फिरायची. तर या पोरीचं काहीतरी बाहेर चालू आहे, असं मी दोन मिनिटांत ठरवून टाकलं.

पितृपक्ष संपत आला तशी अर्पिताची आई, छायाबाई, दुकानात आली. त्या दिवसांत माझ्याकडं बायकांची गर्दीच असायची. नवरात्रात घरात घट बसतो, अखंड दिवा असतो, आणि मधेच कोणाची पाळी आली तर सगळं सोवळं मोडतं. म्हणून बायका पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेतात. आमच्याकडं त्यांना 'देवाच्या गोळ्या' म्हणतात. खोक्यावर काय नाव छापलंय ते गिऱ्हाइकाला माहीत नसतं. खरं तर त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागते. कोण आणतं? आणि चिठ्ठी नाही म्हणून परत पाठवलं, तर बाई उठून दुसऱ्या दुकानात जाते. मी नवरात्राच्या आधी त्यांची दोन खोकी जास्तच मागवून ठेवायची.

"देवाच्या गोळ्या द्या ताई. माझ्या आणि अर्पीच्या," छायाबाई म्हणाली. "हिची चोवीस-पंचवीस दिवसांतच येती. नेमकी पाचव्या-सहाव्या माळेला येणार बघा."

मी गोळ्या काढता काढता विचारलं, "गुडघे कसे आहेत?"

"कुणाचे?"

झालं. मी तेवढ्याचीच वाट बघत होते. "अगं, अर्पिता तुझ्या नावावर दुखायच्या गोळ्या नेते म्हणून विचारलं. आणि नेते काय, इथं पायरीवरच खाते. त्या चौकातल्या दुकानातून आणखी नेते ते वेगळंच."

छायाबाईचा चेहरा उतरला. "माझ्या नावावर?"

"तरणीताठी पोर आहे. कुठं जाते, कोणाबरोबर असते, लक्ष ठेव जरा. उलट्याबिलट्या होतात का तिला?"

हे मी का विचारलं? अजून स्वतःला विचारते. विचारताना आवाजही मुद्दाम खाली आणला होता मी.

"होत्यात," ती म्हणाली. "पाळीमुळं होत्यात म्हणती. पण मला ती सांगती तेवढंच कळतं. पाळी खरंच आली का नाही ते मी काय बघायला जाती ओ?"

ती निघून गेली आणि दहा मिनिटांनी परत आली. दुकानात दुसरं कोणी नाही हे बघून पदर तोंडाशी धरून म्हणाली, "ती तपासायची पट्टी असती ना... ती द्या एक."

मी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. वर सांगितलंही, "सकाळची पहिली लघवी घे, म्हणजे चूक होत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करायच्या वेळेला अर्पिता आली. डाव्या गालावर बोटं उमटलेली. शटर अर्धं खाली ओढलेलं होतं, त्याच्याखालून वाकून आत आली आणि सरळ माझ्यासमोर उभी राहिली.

"काकू, तुम्ही आईला काय सांगितलंत?"

"जे बघितलं ते."

"काय बघितलं तुम्ही?"

सतरा वर्षांची पोर, पण तिच्या आवाजानं मी दचकले. "गोळ्या नेतेस, खोटं बोलतेस. काळजी वाटली म्हणून सांगितलं."

"आईनं मला कप देऊन संडासात पाठवलं. बाहेर दाराला टेकून उभी होती. पट्टीवर एकच रेघ आली, तर म्हणाली, पट्टीच खराब असेल. मग पप्पांना सांगितलं. पप्पा म्हणाले, आता कॉलेज बास. जानेवारीत अठरा पूर्ण होतील, वैरागचं स्थळ आलंच आहे. काकू, मला शेतकी कॉलेजला जायचंय. बारावी तरी देऊ द्या म्हणून मी त्यांच्या पायाला हात लावला."

तरी माझा हेका कुठला सुटतोय? "मग गोळ्या कशाला लागतात तुला?"

"पाळीत दुखतं."

"सगळ्यांनाच दुखतं गं."

"तुम्हाला असं दुखतं? उलट्या होईपर्यंत? मी मोरीत फरशीवर कपाळ टेकून बसते काकू. संडासला बसले की आतून कोणीतरी सुरी फिरवतंय असं होतं. मागच्या महिन्यात प्रॅक्टिकलला उभी असताना पडले. बाईंनी घरी फोन केला, तर आई म्हणाली, अभ्यास झाला नसेल."

"डॉक्टरला दाखवलं नाही?"

"इथल्या डॉक्टरांना दाखवलं. औषध काही चालू आहे का विचारलं, आई नाही म्हणाली. मग ते म्हणाले, काही नाही, लग्न झालं की थांबतं. तेच तर पप्पांनी धरून ठेवलंय."

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. वीसेक दिवसांपूर्वीच गौरीच्या हळदीकुंकवाला मी त्यांच्या घरी गेले होते. ही पोर तिथं परकर खोचून फुगडी घालत होती, एकीशी झाली की दुसरीशी. पहाटेपासून उभी राहून पुरणही हिनंच वाटलं होतं, छायाबाईच कौतुकानं सांगत होती.

"गौरीत बरी नाचत होतीस," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. "ते मलाही कळत नाही," एवढंच म्हणाली आणि शटरखालून निघून गेली.

मान खाली घातली म्हणजे पकडली गेली, असा अर्थ मी काढला. संशयी माणसाला काय, कशाचाही अर्थ काढता येतो.

नवरात्रात सातव्या माळेला मी छायाबाईकडं घटाच्या दर्शनाला गेले. खरं सांगायचं तर देवीपेक्षा पोरीलाच बघायला गेले होते. अर्पिता साबुदाण्याची पातेली उचलत होती, आल्या-गेल्याला फराळ देत होती, घटाला माळ बांधायला स्टुलावर चढत होती. गालावर लाली. कुठं कण्हणं नाही की कुंथणं नाही.

छायाबाईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "बघताय ना? सात दिवस झाले, हू नाही की चू नाही. वैशाखात माझ्या भावाचं लग्न झालं, तिथंपण चार दिवस अशीच नाचली. श्रावणात सत्यनारायणाला सगळा शिरा हिनंच भाजला. आणि आता दसरा होऊन सहामाही तोंडावर आली की बघा, आडवी पडती का नाही. सणाला बरं दुखत नाही ओ?"

"नाही ना," मी म्हणाले.

"मीपण बाईच आहे की. मला काय होत नसंल? पण कधी आडवी पडले का मी?"

"वैरागचे कधी येणार?"

"दसऱ्यानंतर. एकदा उजवली की सुटले मी."

मागं वळले तर अर्पिता दारात उभी होती, हातात रिकामं ताट घेऊन. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ही भांडेल. पण ती आईकडं अशा नजरेनं बघत होती, जणू आईचं म्हणणं तिलाही पटायला लागलंय. ती नजर मला तेव्हा कळली नाही.

दसरा झाला. कोजागरीच्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमाराला छायाबाई धावत दुकानात आली. नवी साडी, नाकात नथ, आणि पायात चप्पल नाही.

"ताई, काहीतरी द्या. इंजेक्शन द्या. वैरागची मंडळी येऊन बसलीत बाहेर आणि ही मोरीतून उठंना. तासभर उभी राहू दे फक्त. एवढी चहाची ताटली नेऊ दे बाहेर."

"इंजेक्शन मला देता येत नाही. चल, बघते."

आम्ही मागच्या दारानं आत गेलो. बाहेरच्या खोलीतून पोह्यांच्या बशांचा आणि बोलण्याचा आवाज येत होता. अर्पिता मोरीत होती. जरीची साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, केसातला गजरा गळ्याशी आलेला. तोंडात पदराचा बोळा कोंबला होता तिनं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मी खाली बसून तिचा हात धरला. हात गार आणि ओला. नाडी इतक्या जोरात पळत होती की मला मोजता येईना. असं नाटक कोणाला करता येत नाही. बावीस वर्षं मी माणसं बघतेय, तेवढं मला कळत होतं.

"कधीपासून?"

"पहाटेपासून," छायाबाई म्हणाली. "परवापर्यंत ठणठणीत होती ओ. देवीनं नऊ दिवस राखली पोरीला, आणि दसऱ्याला गोळ्या बंद केल्या तशी..."

"थांब," मी म्हणाले. "कुठल्या गोळ्या?"

"देवाच्या. तुमच्याकडनंच नेल्या की."

"गौरीतही दिल्या होत्यास हिला?"

"मग? गौरी घरात असताना..."

"वैशाखात, भावाच्या लग्नात?"

"देवकार्य होतं, दिल्याच की."

"श्रावणात, सत्यनारायणाला?"

"दिल्या. का ओ?"

"आणि प्रॅक्टिकलला चक्कर येऊन पडली तेव्हा?"

"तेव्हा कुठला सण होता? तेव्हा कशाला देईन?"

मी तिथं ओल्या फरशीवर बसून राहिले. अहो, मी फार्मसी शिकलेली बाई! त्या गोळीत काय असतं, ती अंगात काय करते, हे परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते. सणाला या पोरीचं दुखणं थांबत होतं ते औषधानं. औषध बंद झालं की चार दिवसांत तिप्पट होऊन परत येत होतं. प्रत्येक वेळी ते औषध माझ्याच हातून गेलं होतं, आणि मीच तिला गौरीतली फुगडी ऐकवली होती.

"छाया, डॉक्टरनं औषध चालू आहे का विचारलं तेव्हा तू नाही का म्हणालीस?"

"औषध कुठं चालू होतं?" ती खरोखरच गोंधळली होती. "ती काय औषधं आहेत का? देवाची गोळी ती."

तिला तरी काय बोलणार? इतकी वर्षं मीही त्यांना औषध म्हटलं नव्हतं.

"हिला आज बाहेर न्यायची नाही," मी उठले. "सोलापूरला बायकांच्या आजारांच्या तज्ज्ञ डॉक्टरला दाखवायचं."

"आणि पाहुणे? ताई, आजारी म्हणू नका हो! भाजलंय म्हणा, आजोळी गेलीय म्हणा, काहीही म्हणा. पोरीच्या नावाला डाग लागंल."

डाग लावायला मी आधीच हातभार लावला होता. मी सरळ बाहेरच्या खोलीत गेले. अर्पिताचे वडील दिगंबर सुरवसे, डाळमिलमध्ये मुकादम, पाहुण्यांना आग्रह करत होते. सोफ्यावर मुलाची आई बसली होती, बशी मांडीवर ठेवून.

"नमस्कार. मुलीची तब्येत बरी नाही. आज बघण्याचा कार्यक्रम होणार नाही," मी म्हणाले.

मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली. "काय आजार आहे?"

"ते डॉक्टर सांगतील."

"आम्हाला कळायला नको?"

"आधी तिच्या घरच्यांना कळू दे."

पाहुणे पाच मिनिटांत उठले. जाताना त्या बाईनं आतल्या दाराकडं जी नजर टाकली, ती मी चांगलीच ओळखत होते. माझीच नजर होती ती, महिनाभरापूर्वीची. दिगंबररावांनी दार लावून घेतलं आणि माझ्यावर धावून आले.

"ताई, तुम्ही कोण ओ आमच्या घरात बोलणाऱ्या?"

"ज्या बाईनं तुमच्या पोरीवर आळ घेतला, ती मी. पट्टी माझ्या दुकानातली, संशयही माझ्याच दुकानातला. पट्टी खरी निघाली, संशय खोटा. आता मला निस्तरू द्या."

ते बराच वेळ नुसते येरझारा घालत राहिले. आतून पोरीच्या ओकाऱ्या ऐकू येत होत्या. शेवटी म्हणाले, "एकदा न्या. एकदाच. डॉक्टर म्हणाले काही नाही, तर पुन्हा नाव काढायचं नाही. वैरागकरांना मी हातापाया पडून परत बोलावीन आणि माघात लग्न लावून मोकळा होईन. कॉलेजचा विषय संपला."

दोन दिवसांनी आम्ही तिघी एसटीनं सोलापूरला गेलो. रस्ताभर छायाबाई माझ्याशी बोलली नाही. स्थळ मोडल्याचा राग होता. अर्पिता खिडकीशी बसून माझ्या डायरीच्या मागच्या पानावर मी सांगितलं तसं लिहीत होती. वर्षभरातला कुठला महिना, कुठला सण, गोळ्या होत्या की नव्हत्या, दुखलं की नाही. लिहिताना मधेच तिनं विचारलं, "काकू, डॉक्टर म्हणाल्या काही नाही, तर?"

"मी गप्प बसणार नाही."

"पण खरंच काही नसलं तर?"

मला वाटलं, ती लग्नाला घाबरतेय. मी तिच्या हातावर थोपटलं.

डॉ. बिराजदार पन्नाशीच्या, तोडून बोलणाऱ्या. बाहेर बायकांची रांग होती. त्यांनी अर्पिताला तपासलं, सोनोग्राफी झाली, रिपोर्ट समोर आला.

"सोनोग्राफी नॉर्मल आहे," त्या म्हणाल्या. "या वयात दुखतं थोडं. गरम पाण्याची पिशवी घे, व्यायाम कर. काही औषध चालू आहे का?"

"नाही," छायाबाई सवयीनं म्हणाली.

"आहे," मी म्हणाले.

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "तुम्ही कोण? नातेवाईक?"

"नाही. मेडिकलवाली."

"मग बाहेर बसा."

"बसते. आधी हे बघा." मी डायरी त्यांच्यापुढं सरकवली. "वर्षात चार वेळा हिला पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या दिल्यात. चारही वेळा एकही दिवस दुखलं नाही. बंद केल्या की चौथ्या-पाचव्या दिवशी हिला उचलून मोरीतून काढावं लागतं. गोळ्या नसलेल्या प्रत्येक महिन्यात हेच. लोक म्हणतात सणाला नाचते आणि परीक्षेला आजारी पडते. मीही तेच म्हणाले. हिला संडासला बसताना सुरी फिरल्यासारखं होतं, ते इथं कोणी विचारलंच नाही म्हणून तिनं सांगितलं नाही."

"चिठ्ठीशिवाय दिल्यात गोळ्या?"

"हो. माझी चूक आहे. माझ्यावर काय करायचं ते करा, पण हिला नॉर्मल म्हणून घरी पाठवू नका. पाठवलीत तर हिचं लग्न लावतील."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. डायरीचं ते पान सावकाश वाचलं. मग अर्पिताला खुर्ची जवळ ओढायला सांगितलं आणि एकेक प्रश्न विचारायला लागल्या. किती वर्षांपासून. पाळी नसतानाही दुखतं का. पायात कळ जाते का. रक्त किती जातं. त्यांचा आवाज बदलला होता. अर्पिता उत्तरं देत होती, आधी चाचरत, मग भराभर.

"घरात कोणाला असा त्रास? आई, मावशी?"

छायाबाई म्हणाली, "नाही. कुणाला नाही."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "ऐका. गर्भाशयाला आतून अस्तर असतं, दर महिन्याला तेच पाळीतून बाहेर पडतं. काही मुलींमध्ये तसंच अस्तर गर्भाशयाच्या बाहेर, पोटात कुठं कुठं वाढतं. पाळीच्या वेळी तेही सुजतं, रक्ताळतं, पण त्या रक्ताला बाहेर यायला वाट नसते. त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. सोनोग्राफीत ते दिसतंच असं नाही. गोळीनं थांबलं म्हणजे तेच आहे, असंही मी म्हणणार नाही. दुर्बीण घालून बघितल्याशिवाय शंभर टक्के सांगता येत नाही. पण ही सगळी लक्षणं बघता मला त्याचीच दाट शंका आहे. आपण ऑपरेशनची घाई करायची नाही. आधी नीट तपासून औषध सुरू करू, माझ्या देखरेखीखाली. ही कॉलेजला जाईल, परीक्षा देईल. मिस्टरांना माझ्याशी फोनवर बोलायला सांगा."

"लग्न केल्यावर थांबतं म्हणत्यात..." छायाबाई पुटपुटली.

"लग्न हे औषध नाही."

अर्पिता खुर्चीच्या अगदी टोकाला आली होती. "मॅडम, म्हणजे आहे ना? काहीतरी आहे ना नक्की?"

"दुखणं तर नक्कीच आहे. त्यात शंका नाही."

पोरगी हसली. आजार निघाला म्हणून हसणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं. हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

"मला वाटायला लागलं होतं, मीच नाटक करते," ती म्हणाली. "सणाला दुखायचं नाही ना. मग मोरीत पडलेली असताना पण मी स्वतःला म्हणायची, ऊठ, खोटारडे, ऊठ. आई म्हणते तेच खरं असेल. मला येतच नसेल सहन करायला."

मी भिंतीकडं बघितलं. बाहेर नर्स कोणाचं तरी नाव पुकारत होती.

तेवढ्यात छायाबाई एकदम उठून उभी राहिली. पदर दोन्ही मुठीत गच्च धरला होता तिनं.

"मगाशी मी खोटं बोलले," ती डॉक्टरांना म्हणाली. "मला होतं. हिच्यासारखंच. ती सुरीबी होती. माझ्या आईनं सांगितलं, लग्नानंतर थांबंल. नाही थांबलं. मग म्हणाली, बाळंतपण झाल्यावर थांबंल. नाही थांबलं ओ. मी तशीच भाकऱ्या थापल्या, कुणाला कळू दिलं नाही. मी उभी राहती म्हणून मला वाटायचं, हिनंबी राहावं. या अर्पीला मी मारलं ओ, त्या पट्टीवरनं."

अर्पितानं तिला दंडाला धरून खाली बसवलं. डॉक्टरांनी अर्पिताचा कागद बाजूला सारला आणि गठ्ठ्यातून दुसरा कोरा केसपेपर ओढला.

"नाव सांगा."

"लिहिलं की मघाशी तिचं," छायाबाई डोळे पुसत म्हणाली.

"तिचं नाही. तुमचं."

छायाबाईनं डोळ्यांवरचा पदर खाली घेतला. माझ्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं, जणू दुसऱ्याच कोणालातरी विचारलंय.

"छाया दिगंबर सुरवसे," अर्पितानं सांगितलं. "वय एकोणचाळीस. मॅडम, लिहा, तिला खूप दुखतं."